उदयास्ताचा दृक्प्रत्यय : केशव दैवज्ञ ते केरूनाना छत्रे

प्रस्तावना

पहाटे पूर्वेस किंवा सायंकाळी पश्चिमेस झळकणारी शुक्राची चांदणी ओळखण्यास कोणतेही उपकरण लागत नाही. गुरू, मंगळ व शनी हेदेखील त्यांच्या स्थिर प्रकाशावरून आणि ताऱ्यांमधील संथ स्थलांतरावरून नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतात. आपल्या समाजात मात्र या ओळखीला केवळ कुतूहलाचे मूल्य नव्हते. गुरू वा शुक्र सूर्यसान्निध्यामुळे दिसेनासा झाला, म्हणजे त्याचा 'अस्त' झाला, की विवाह, उपनयन इत्यादी मंगलकार्ये वर्ज्य मानली जात. पंचांगातील अस्ताची तारीख चुकली, तर अनेक घरांतील कार्ये विनाकारण खोळंबत किंवा निषिद्ध मानलेल्या काळात होत. पंचांगशुद्धीच्या इतिहासात या उदयास्तांचे स्थान काय होते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उदयास्ताचे गणित

ग्रह केव्हा दिसू लागेल हे ठरविण्यासाठी सूर्यसिद्धान्तात 'कालांश' दिले आहेत. गुरूचे ११, शनीचे १५, मंगळाचे १७, बुधाचे १४ व शुक्राचे १०. बुध वक्री असता १२ आणि शुक्र वक्री असता ८. एक कालांश म्हणजे १० पळे, अर्थात ४ मिनिटे. म्हणजे सूर्योदय व गुरूचा उदय यांत सुमारे ४४ मिनिटांचे अंतर पडले, की पहाटे गुरू दिसू लागतो. तेजस्वी शुक्रास कमी अंतर पुरते, मंद तेजाच्या मंगळास अधिक लागते. हे अंक प्रत्यक्ष पाहण्याच्या अनुभवाशी जुळणारे आहेत, हे उघड आहे.

तथापि कालांश योग्य असले तरी ग्रहस्थान चुकले तर तारीख चुकते. शुक्र सूर्याच्या पलीकडून जात असता त्याची सूर्यसापेक्ष गती दिवसाला अंशाच्या सुमारे चतुर्थांशाइतकीच असते. त्यामुळे त्याच्या स्थानात एका अंशाची चूक झाल्यास उदयास्ताच्या तारखेत सुमारे चार दिवसांचा फरक पडतो. हा फरक गणित न जाणणाऱ्या शेतकऱ्यालाही पहाटे दिसू शकत होता.

नांदगावची परंपरा

कोकणातील नांदगावचे केशव दैवज्ञ यांनी शके १४१८ (इ. स. १४९६) मध्ये 'ग्रहकौतुक' रचले. ब्राह्म, आर्य व सौर या पक्षांनी येणारी ग्रहस्थाने आकाशाशी ताडून पाहता त्यांत अंतर पडते, असे त्यांनी नोंदविले. पुढील काळातही असे अंतर पडत राहील; तेव्हा भावी गणकांनी ग्रहयुती, नक्षत्रयुती व उदयास्त पाहून गणित सुधारावे, असा त्यांचा स्पष्ट अभिप्राय होता. आपल्या ग्रंथाच्या कालबाह्यतेची कल्पना स्वतःच देणारा हा विचार विशेष उल्लेखनीय आहे.

त्यांचे पुत्र गणेश दैवज्ञ यांनी शके १४४२ (इ. स. १५२०) च्या 'ग्रहलाघवा'त हेच धोरण स्वीकारले. सूर्य सौरपक्षाचा, गुरू व मंगळ आर्यपक्षाचे, शनी आर्यपक्षाचाच परंतु ५ अंश वाढवून, अशी निवड त्यांनी केली. एका पक्षाशी निष्ठा ठेवण्यापेक्षा आकाशाशी मेळ त्यांना महत्त्वाचा वाटला. ज्या-चापांच्या क्लिष्टतेतून मुक्त असलेला हा ग्रंथ अत्यंत लोकप्रिय झाला. मात्र त्या लोकप्रियतेमुळेच शतकानुशतके त्याची कोष्टके तशीच वापरली गेली, आणि केशवांनी अपेक्षिलेली सुधारणा मागे पडली.

एकोणिसाव्या शतकातील वाद

केरो लक्ष्मण ऊर्फ केरूनाना छत्रे (मृत्यू १८८४) यांनी १८६० मध्ये 'ग्रहसाधनाची कोष्टके' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. शके १७८७ (इ. स. १८६५) पासून त्यांचे सूक्ष्म गणिताचे पंचांग निघू लागले, ते पुढे पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखले गेले. वेंकटेश बापूजी केतकर यांनी 'ज्योतिर्गणित' व 'केतकी ग्रहगणित' लिहून हे कार्य पुढे नेले, तर शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ च्या 'भारतीय ज्योतिषशास्त्र' या ग्रंथात त्याची ऐतिहासिक मीमांसा केली.

या वादात दोन प्रश्न एकमेकांत मिसळले होते. ग्रह सूर्यापासून किती अंशांवर आहे, हा पहिला. राशिचक्राचा आरंभ कोठे मानावा, हा दुसरा. रेवतीपक्ष व चित्रापक्ष यांच्या आरंभस्थानांत सुमारे ४ अंशांचे अंतर असून त्यामुळे अधिकमासही भिन्न येऊ शकतात. आकाशाकडे पाहून दुसऱ्या प्रश्नाचा निर्णय होणे शक्य नव्हते, कारण आरंभस्थान हा संकेत आहे. उदयास्त मात्र सूर्य व ग्रह यांच्यातील अंतरावर अवलंबून असतात. अयनांश कोणतेही घेतले तरी त्यांत फरक पडत नाही. म्हणून दृक्प्रत्ययाची कसोटी येथे निर्विवादपणे लावता येत होती. 'धर्मकृत्यांना जुने गणित, ग्रहणादी दृश्य घटनांना नवे' असा युक्तिवादही पुढे आला. परंतु गुरुशुक्रास्ताच्या बाबतीत तो टिकणे कठीण होते, कारण ती घटना एकाच वेळी दृश्य आणि धर्मकृत्याशी निगडित होती.

समारोप

मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीच्या (१९५२) शिफारशींनुसार २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका अमलात आली. त्यामागील सूक्ष्म गणिताच्या आग्रहाला आपल्याकडे साडेचारशे वर्षांची पूर्वपीठिका होती. ही परंपरा बाहेरून आलेल्या विज्ञानाचे केवळ अनुकरण नव्हती, तसेच छत्रे-केतकरांनी युरोपीय गणित स्वीकारले म्हणून ती खंडितही झाली नाही. केशव दैवज्ञांनी सांगितलेले कर्तव्यच त्यांनी नव्या साधनांनी पार पाडले.

२१ डिसेंबर २०२० रोजी गुरू व शनी एकमेकांपासून सुमारे ६ कलांवर आले, तेव्हा अनेकांनी सायंकाळी पश्चिमेकडे नजर लावली. महाविद्यालयीन अध्यापनात असे प्रसंग इतिहास, संस्कृत, गणित व भौतिकशास्त्र या विभागांना एकत्र आणू शकतात. पंचांगात छापलेला उदय आणि क्षितिजावर दिसलेला उदय यांची तुलना विद्यार्थ्यांनी वर्षभर केली, तर ग्रंथप्रामाण्य व प्रत्यक्षप्रामाण्य यांतील जुना वाद त्यांना पाठ्यपुस्तकाबाहेर अनुभवता येईल.