उतरत्या भूमीचे आलेखन

फ्रान्सचा राजा चौदावा लुई याचा युद्धमंत्री लुव्वा याच्या हुकमावरून 1668 साली सरहद्दीवरील किल्ल्यांच्या प्रतिकृती घडविण्याचे काम सुरू झाले, आणि तोफेचा मारा कोठून होईल व शत्रू कोणत्या टेकडीआड दडेल हे सपाट नकाशा सांगू शकत नसल्याने, तटबंदीइतकीच काळजी भोवतालच्या चढउतारांची घेण्यात आली. सहाशे फुटांस एक फूट या प्रमाणाची ती शिल्पे अप्रतिम आहेत. पण घर बांधू पाहणाऱ्या सामान्य गृहस्थाला असा खर्च झेपणार कसा?

कागदावरच उंची दाखविण्याची युक्ती प्रथम पाण्याखालच्या भूमीसाठी योजली गेली. 1730 च्या सुमारास क्रुक्वियस या डच मोजणीदाराने नदीच्या तळाची समान खोली रेषांनी जोडली होती. डोंगराला ती युक्ती लाभली ती मात्र एका निराळ्याच प्रयोजनातून. पृथ्वीची घनता काढण्यासाठी खगोलशास्त्रज्ञ मॅस्केलिन यांनी 1774 मध्ये स्कॉटलंडच्या शिहॅलियन पर्वतापाशी ओळंब्याचे विचलन मोजले, परंतु त्या विचलनाचा अर्थ लावण्यास पर्वताचे आकारमान हवे होते, आणि ते गणित चार्ल्स हटन यांच्याकडे आले. मोजणीच्या दप्तरात विखुरलेल्या उंचीच्या आकड्यांतून सारख्या उंचीचे बिंदू त्यांनी रेषेने जोडले मात्र, त्या निर्जीव आकड्यांतून पर्वताची आकृती प्रकट झाली. 1778 मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे उत्तर, म्हणजे पाण्याच्या साडेचारपट घनता, आजच्या साडेपाचपटीहून कमी आहे. तथापि गृहरचनाकारांवर त्यांचे ऋण त्या उत्तराहून मोठे आहे.

1935 साली पेनसिल्व्हेनियातील ‘फॉलिंगवॉटर’ या घरासाठी वास्तुशिल्पी फ्रँक लॉइड राइट यांना जो मोजणी-नकाशा मिळाला, त्यात समोच्च रेषांसमवेत खडक व मोठे वृक्षही नोंदलेले होते, आणि तेथील एक खडक दिवाणखान्यातील शेकोटीचा ओटा झाला. मोजणीदाराचा तपशील वास्तुकलेस किती साहाय्य करू शकतो, याचे इतके सुंदर उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

पुढे एमआयटीचे चार्ल्स मिलर यांनी 1958 मध्ये, रस्त्यांच्या आखणीसाठी, भूमी आकड्यांच्या रूपाने संगणकाच्या हवाली केली. आणि 1970 च्या दशकात कॅनडात पॉयकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी विषम अंतरावरील बिंदूंतून त्रिकोणांचे जाळे विणले. कोणते तीन बिंदू जोडावेत, याचा नियम रशियन गणिती देलोने यांनी 1934 मध्येच घालून दिला होता: त्या तिघांतून जाणाऱ्या वर्तुळाच्या आत चौथा बिंदू येता कामा नये.

आज आर्किकॅड, रेव्हिट, स्केचअप किंवा सिव्हिल थ्रीडी यांपैकी काय घ्यावे, असा प्रश्न उतारावर घर योजणाऱ्यास पडतो, तेव्हा चित्राच्या देखणेपणावर निर्णय सोपविणे मला घातक वाटते. त्रिकोणांच्या जाळ्यास बिंदू समजतात, बांध समजत नाही. बांधाचा माथा व पायथा सलग रेषा म्हणून वेगळे नोंदविले नाहीत, तर त्रिकोण बांधावरून बेलाशक पलीकडे जातो आणि सात फुटांची उभी दरड सौम्य उतार होऊन पडद्यावर अवतरते. म्हणून अशा रेषा स्वीकारणारे, मोजणीदाराचे मूळ बिंदू न बदलता जपणारे, आणि मूळ जमीन व बदललेली जमीन स्वतंत्र ठेवून खोदाई-भरावाचा हिशेब मांडू देणारे साधन निवडावे. आणि ते घेण्यापूर्वी जोत्याच्या चारही कोपऱ्यांची, ओढ्याच्या काठाची व प्रत्येक बांधाची उंची जागेवर मोजून घ्यावी.