वैशाखातले पुणे : वसंत व्याख्यानमाला आणि मराठी उन्हाळ्याचा वारसा

मराठी माणसाच्या उत्सवांचा विचार श्रावणापासून सुरू होतो आणि दिवाळीनंतर चंपाषष्ठीच्या आसपास संपतो. उन्हाळा म्हणजे लग्नसराई, वाळवणे, आंबे आणि माहेरपण, अशीच आपली समजूत असते. परंतु अर्वाचीन मराठी वाङ्मयाच्या इतिहासातील काही ठळक तारखा एकाखाली एक मांडून पाहिल्या तर एक वेगळेच चित्र दिसते. पुण्याची वसंत व्याख्यानमाला सुरू झाली ती मे १८७५ मध्ये. मराठी ग्रंथकारांचे पहिले संमेलन भरले ११ मे १८७८ रोजी, दुसरे २४ मे १८८५ रोजी. महाराष्ट्र साहित्य परिषदेची स्थापना झाली २७ मे १९०६ रोजी. हे सारे पुण्यात घडले आणि सारे मे महिन्यात घडले. हा योगायोग नव्हे. पुण्याच्या सांस्कृतिक उन्हाळ्याला स्वतःची अशी एक घडण आहे. ती कशी झाली, तिच्यात कोण होते, कोण नव्हते, आणि महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्या घराण्यांशी तिचा संबंध काय, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

या नव्या उन्हाळ्याच्या आधी एक जुना उन्हाळा होता. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यावर बसे आणि अक्षय तृतीयेपर्यंत घरोघरी हळदीकुंकू चाले. आंब्याची डाळ, पन्हे, भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी आणि गौरीपुढची आरास हा त्याचा थाट. आरास पाहायला जाणे हे स्त्रियांच्या दृष्टीने एका घरातून दुसऱ्या घरात हिंडणारे प्रदर्शनच होते. देवळांतून मूर्तीला चंदनाची उटी लागे, मोगऱ्याच्या माळा चढत, रामनवमी आणि हनुमान जयंतीची कीर्तने होत. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील जुन्या मराठी वस्त्यांतून हा भाग आपल्यापैकी अनेकांनी घरात पाहिलेला आहे. या उत्सवाला देव होता, तिथी होती, आणि निमंत्रण बहुधा नात्यागोत्याचे व आळीचे असे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जे आले त्याला देवही नव्हता आणि तिथीही नव्हती. त्याला होती ती सुट्टी. इंग्रजी अमलात शाळा-महाविद्यालये आणि दिवाणी न्यायालये उन्हाळ्यात बंद राहत. मुंबई इलाख्यात ठिकठिकाणी मुन्सफ, मामलेदार, शिक्षक, वकील म्हणून विखुरलेली नवशिक्षित मंडळी मे महिन्यात मोकळी होत आणि त्यांतील बरीच पुण्याकडे येत. दुसरीकडे गव्हर्नर आणि त्यांचा लवाजमा उन्हाळ्यासाठी महाबळेश्वरी जाई. पुण्याला गणेशखिंडीत तो येई तो पावसाळ्यात. म्हणजे साहेब डोंगरावर आणि सुशिक्षित एतद्देशीय शहरात, अशी ही दोन सुट्ट्यांची विभागणी होती. एकाने ती गारव्यासाठी वापरली, दुसऱ्याने बोलण्यासाठी.

१८७१ मध्ये महादेव गोविंद रानडे न्यायखात्यातील नोकरीवर पुण्यास आले. सार्वजनिक सभा आदल्याच वर्षी, १८७० मध्ये, स्थापन झाली होती. १८७४ पासून विष्णुशास्त्री चिपळूणकरांची निबंधमाला निघू लागली होती. लिहिणारे होते, वाचणारे थोडे होते, पण ऐकणारे पुष्कळ होते, ही त्या काळची वस्तुस्थिती. छापील पुस्तक विकत घेण्याची सवय समाजाला नव्हती. मात्र दोन-दोन तास बैठक न मोडता ऐकण्याची सवय कीर्तनाने आणि पुराणाने शेकडो वर्षे लावून ठेवली होती. वसंत व्याख्यानमालेचे मर्म येथे आहे. हरिदासाची जागा वक्त्याने घेतली, आख्यानाची जागा इतिहास, अर्थकारण, समाजसुधारणा, विज्ञान या विषयांनी घेतली. श्रोता मात्र तोच राहिला. व्याख्यानमाला चालविणाऱ्या संस्थेचे ‘वक्तृत्वोत्तेजक सभा’ हे नावही बोलके आहे. माणसांना बोलते करावे, भर सभेत आपले मत सुसंगतपणे मांडण्याची सवय लावावी, हा तिचा हेतू. सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ चा. त्याच्या अठरा वर्षे आधी पुण्यात माणसे देवाच्या निमित्तावाचून केवळ विचार ऐकण्यासाठी एकत्र जमू लागली होती, ही गोष्ट पुष्कळदा आपल्या ध्यानात राहत नाही.

व्याख्यानमालेपाठोपाठ तीनच वर्षांनी ग्रंथकार संमेलन आले. लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख आणि रानडे या दोघांनी ‘ज्ञानप्रकाश’मधून आवाहन केले आणि पेशवाईतील हिराबागेत मराठी ग्रंथकार जमले. अध्यक्षस्थानी रानडेच होते. दोघेही आवाहनकर्ते न्यायाधीश होते, हे विसरून चालणार नाही. लोकहितवादींची नोकरीची बरीच वर्षे गुजरातेत गेली. अहमदाबादेत असताना तेथील गुजराती समाजाच्या सार्वजनिक कार्यातही त्यांनी भाग घेतला. परप्रांती राहून त्या प्रांताचे होणे आणि तरीही मराठीची चिंता वाहणे, ही रीत आपल्याकडे इतकी जुनी आहे.

या सभा निरुपद्रवी होत्या असे मात्र समजू नये. १८७८ मध्येच रानड्यांची नाशिकला बदली झाली. पुढील वर्षी वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाने सरकार धास्तावले असतानाच, मे १८७९ मध्ये, पुण्यातील बुधवारवाडा आगीत भस्मसात झाला. त्या वातावरणात रानड्यांना धुळ्यास धाडण्यात आले आणि तेथे त्यांच्या टपालावरही सरकारी नजर राहिली. रमाबाई रानडे यांच्या आठवणींमध्ये हा प्रसंग आला आहे. उन्हाळ्याच्या संध्याकाळी भरणाऱ्या शांत, सभ्य व्याख्यानांमागे राज्यकर्त्यांच्या संशयाची ही सावली होती. सुट्टीतला विरंगुळा म्हणून कोणी हे करीत नव्हते.

या इतिहासाला दुसरीही एक बाजू आहे, आणि ती सांगितल्यावाचून हा लेख अपुरा राहील. १८८५ च्या मे महिन्यात कृष्णशास्त्री राजवाडे यांच्या अध्यक्षतेखाली दुसरे ग्रंथकार संमेलन भरले. त्याचे निमंत्रण महात्मा जोतीराव फुले यांना गेले होते. त्यांनी ते पत्र पाठवून नाकारले. ज्यांच्या दुःखांचा या ग्रंथकारांच्या पुस्तकांत मागमूसही नाही, ज्यांचे मनुष्यपणाचे हक्क हे ग्रंथकार उघडपणे मान्य करीत नाहीत, त्यांनी या सभेत येऊन काय मिळवावे, असा त्या पत्राचा आशय होता. ते पत्र ‘ज्ञानोदया’त छापून आले. पुण्यात राहणाऱ्या, पुस्तके लिहिणाऱ्या, त्याच शहरात मुलींची आणि अस्पृश्यांची शाळा काढणाऱ्या मनुष्याला त्या मांडवात परके वाटले. ज्या सुट्टीमुळे हा उन्हाळा शक्य झाला ती पगारदाराची सुट्टी होती. शेतकऱ्याला वैशाखात नांगरटीची आणि पेरणीपूर्व मशागतीची कामे होती. निमंत्रणपत्रिका सर्वांसाठी असली तरी वेळापत्रक सर्वांसाठी नव्हते. हिराबागेतील मांडवाइतकेच हे नकाराचे पत्रही मराठी साहित्यसंमेलनाच्या वारशाचा भाग आहे. पुढे दलित आणि ग्रामीण लेखकांनी मराठी साहित्याचे जे क्षेत्र विस्तारले त्याची पहिली मागणी एका अर्थाने त्या पत्रात नोंदलेली आहे.

२७ मे १९०६ रोजी सदाशिव पेठेतील मळेकर वाड्यात वासुदेव गोविंद कानिटकर यांच्या अध्यक्षतेखाली चौथे संमेलन सुरू झाले आणि त्यातूनच महाराष्ट्र साहित्य परिषद जन्मली. यानंतर पुण्याचा हा मांडव प्रवासाला निघाला. १९०९ मध्ये संमेलन बडोद्यास भरले, १९१७ मध्ये इंदूरला, १९२८ मध्ये ग्वाल्हेरला, १९२९ मध्ये बेळगावला, १९३० मध्ये मडगावला आणि १९३१ मध्ये हैदराबादला. ही यादी आपल्या परिपत्रकाच्या वाचकांच्या गावांचीच यादी आहे. गायकवाड, होळकर, शिंदे यांच्या राजधान्यांनी आणि पोर्तुगीज व निजामी अमलातील मराठी समाजांनी हे पाहुणे आपल्या घरी बोलावले. पुण्याने सुरू केलेल्या प्रथेला अखिल मराठी स्वरूप आले ते त्यामुळे.

पुन्हा एकदा मे महिनाच निर्णायक ठरला तो १९४६ मध्ये. ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली बेळगावला भरलेल्या संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला आणि त्याच वर्षी जुलैमध्ये संयुक्त महाराष्ट्र परिषद स्थापन झाली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. परंतु ज्या गावात तो ठराव झाला ते बेळगाव १९५६ च्या पुनर्रचनेत म्हैसूर राज्यात गेले होते आणि ते तिकडेच राहिले. मराठी उन्हाळ्याच्या इतिहासातील ही जखम आपल्या सीमाभागातील वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही.

आज हा वारसा डोळ्यांनी पाहायचा असेल तर पुण्यात फार हिंडावे लागत नाही. टिळक रस्ता पायी चालून जावा. या एका रस्त्यावर टिळक स्मारक मंदिर आहे, त्याच्या हाकेच्या अंतरावर महाराष्ट्र साहित्य परिषदेची वास्तू आहे आणि पुढे स्वारगेटच्या दिशेने गेल्यास हिराबाग लागते. वसंत व्याख्यानमाला दरवर्षी २१ एप्रिल ते २० मे या काळात टिळक स्मारक मंदिरात सायंकाळी होण्याचा प्रघात आहे. २०२५ मध्ये तिला दीडशे वर्षे झाली. २० मे रोजी माला संपते आणि आठवड्याभराने, २७ मे रोजी, साहित्य परिषदेचा वर्धापनदिन येतो. याच दिवसांत अक्षय तृतीयेला दगडूशेठ गणपतीपुढे आंब्यांचा महानैवेद्य मांडला जातो आणि जुन्या पेठांतून चैत्रगौरीचे हळदीकुंकू अजून होते. एकाच महिन्यात जुना उन्हाळा आणि नवा उन्हाळा शेजारी शेजारी नांदताना पाहावयाचे असतील तर एप्रिलच्या अखेरीस जावे. मे महिन्याच्या सुट्टीत मुले घेऊन पुण्यास जाणाऱ्या कुटुंबांनी एखादी संध्याकाळ यासाठी राखून ठेवण्यास हरकत नाही.

मात्र मराठी संस्कृतीचे वेळापत्रक एकूण हिवाळ्याकडे सरकले आहे, हेही खरे. १९५३ मध्ये भीमसेन जोशी यांच्या पुढाकाराने सुरू झालेला सवाई गंधर्व महोत्सव डिसेंबरातला. साहित्य संमेलनेही अलीकडे बहुधा हिवाळ्यातच भरतात. शिवजयंती एके काळी वैशाख शुद्ध द्वितीयेस, म्हणजे भर उन्हाळ्यात होई. महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी ही तारीख मान्य केल्यावर तेथे तीही मागे सरकली. बेळगावात मात्र परंपरेप्रमाणे वैशाखातच शिवजयंती होते आणि चित्ररथांची मिरवणूक निघते. मूळ गावाने बदललेली चाल बाहेरच्या गावाने जपून ठेवावी, हा अनुभव आपल्याला नवा नाही. आपल्या घरांतील कित्येक शब्द, पक्वान्ने आणि रीती अशाच टिकल्या आहेत.

परंतु टिकवणे आणि चालवणे यांत फरक आहे. चैत्रगौर आपण टिकवली. व्याख्यानाची परंपरा आपल्यापैकी किती गावांत चालू आहे? आपल्या मंडळांच्या सभागृहांत खुर्च्या आहेत, पंखे आहेत, ग्रंथालयांत कपाटे आहेत. मुलांचे शिक्षण हिंदी, गुजराती, कन्नड, तेलुगू किंवा इंग्रजी माध्यमातून होते. ती मराठी वाचत नाहीत अशी तक्रार प्रत्येक वार्षिक सभेत होते. १८७५ चे पुणेही न वाचणाऱ्यांचेच शहर होते. रानड्यांनी त्यांना आधी पुस्तक दिले नाही. ऐकण्याचे निमित्त दिले, ठरावीक महिना दिला आणि दरवर्षी तो पाळला. घरात कानावर मराठी पडणारे मूल वाचू शकत नसले तरी ऐकू शकते. मे महिन्यात सात संध्याकाळी सात व्याख्याने, त्यांतील दोन तरुणांनी दिलेली आणि निदान एक आपल्या गावातील अशा मराठी माणसाचे की ज्याला आजवर मंडळाचे निमंत्रण गेलेले नाही, एवढे कोणत्याही गावाला अशक्य नाही. जोतीरावांच्या पत्राला उशिरा का होईना, पण काही उत्तर द्यावयाचे असेल, तर त्या शेवटच्या निमंत्रणापासून आरंभ करावा लागेल.