शनिवार तेली आणि दहा माणसांची मोजणी



चातुर्मासात दुपारचं वाचन जरा जास्त होतं. यंदा मी आपल्याच महाराष्ट्रातल्या एका छोट्या समाजाचा इतिहास वाचला. बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. दिवेकर, पेणकर, केहीमकर, नवगावकर, अष्टमकर अशी त्यांची आडनावं. कोकणातल्या ज्या गावात राहिले, त्याच गावाचं नाव त्यांनी लावलं.

त्यांची परंपरा सांगते की फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी एक जहाज फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. धर्मग्रंथ समुद्रात गेले. पुढच्या पिढ्या मराठी बोलू लागल्या, तेलाचा घाणा चालवू लागल्या आणि हिब्रू भाषा विसरल्या. पण शनिवारी घाणा बंद! त्यांच्या धर्मात तो विश्रांतीचा दिवस. म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. ग्रंथ नाही, गुरू नाही, मंदिर नाही. हाती उरलं काय, तर शनिवार, मुलाची आठव्या दिवशी सुंता, 'शेमा' ही एक प्रार्थना आणि खाण्यापिण्याचे नियम.

आता यातलं बरंचसं कोणाच्या हातात होतं, सांगा बरं? शनिवारी चूल पेटवायची नाही हे कोण पाळणार? त्यांच्यात अशी गोष्ट सांगतात की डेव्हिड राहबी नावाचा एक ज्यू पाहुणा कोकणात आला. हे लोक खरेच ज्यू आहेत का, हे पाहायला त्याने बायकांपुढे तऱ्हेतऱ्हेचे मासे ठेवले. आपल्या घरात ते नाव नको, पण गोष्टच तशी आहे. बायकांनी पंख आणि खवले असलेले मासे तेवढे वेगळे काढले, बाकीचे बाजूला सारले. ज्यू धर्माचा नियम तोच. राहबीची खात्री पटली. गोष्ट खरी असो वा दंतकथा, समाजाने ती जपली आणि त्यात परीक्षा दिली ती बायकांनी.

सणांची नावंसुद्धा घरगुती मराठी होती. खिरीचा सण, दारफाळणीचा सण, बिरड्याचा रोजा. एलियाहू हनबी या पैगंबराच्या नावाने पोहे, खोबरं, गूळ आणि फळं घालून 'मलिदा' करतात, तो आजही नवस फेडताना आणि लग्नकार्यात होतो. दारफाळणी म्हणजे उपवासाचा आणि पापांची क्षमा मागण्याचा दिवस. आपल्या दशलक्षण पर्वाच्या आसपास तो येतो. वाचताना मला आपली क्षमावाणी आठवली.

1796 मध्ये सॅम्युअल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत त्यांचं पहिलं प्रार्थनामंदिर बांधलं. हळूहळू कोचीनहून शिकवणारे आले, मराठीत धर्मग्रंथ आले, कीर्तनंही झाली. पण त्याबरोबर 'तुम्ही खरे कोण?' हा प्रश्नही आला. बगदादहून आलेल्या ज्यूंनी 1836 मध्ये मुंबईच्या दफनभूमीत यांच्यापासून वेगळी भिंत मागितली. आणि खरं सांगायचं तर यांच्यातही 'गोरे' आणि 'काळे' असे भेद होते. ज्यांच्या घराण्यात आई बाहेरची, ते काळे. त्यांच्याशी सोयरीक नाही.

मी कॉमर्सवाली, आकडे दिसले की वजाबाकी करून बघते. 1951 च्या जनगणनेत भारतात सगळे मिळून सुमारे 26 हजार ज्यू होते. आता साडेचार हजारांच्या आसपास. भारतात त्यांचा कुणी छळ केला नाही, हे तेच अभिमानाने सांगतात. 1948 मध्ये इस्रायल झालं, धर्माची ओढ होती. इंग्रज गेल्यावर रेल्वे-पोस्टातल्या नोकऱ्यांची काळजीही होती. एक कुटुंब गेलं की मागचं निघायचं. आज लोद, अश्दोद, दिमोना, बीरशेबा इथे मिळून त्यांची संख्या साठ हजारांहून जास्त आहे. म्हणजे समाज संपला नाही, त्याचा पत्ता बदलला. तिथे 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही निघतं.

पण तिथे गेल्यावर काय झालं? 1962 मध्ये तिथल्या मुख्य धर्मगुरूंनी आदेश काढला की बेने इस्रायल मुलामुलींच्या लग्नाआधी त्यांची आई, आजी, पणजी ज्यू होती का याची चौकशी करावी. शतकानुशतकं ज्या आज्यांनी शनिवारी चूल पेटवली नाही, त्यांचेच कागद मागितले! कोकणातल्या खेड्यातली आजी कुठला कागद देणार? 1964 मध्ये हे लोक जेरुसलेममध्ये धरणं धरून बसले. शेवटी तिथल्या संसदेने ते सर्व अर्थांनी ज्यू असल्याचं सांगितलं आणि धर्मगुरूंना आदेशातून त्यांचं नाव काढावं लागलं.

इकडे कोकणात अडचण वेगळीच. सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. आता काही गावांत मंदिर आहे, पण दहा पुरुष जमत नाहीत. जुन्या रीतीत त्या दहांत बाई मोजत नाहीत. वंश आईकडून ठरतो, चौकशी आजीची होते आणि मोजायला बसलं की बाई नाही! याच समाजातल्या डॉ. जेरुशा झिराड यांनी 1925 मध्ये मुंबईत सुधारणावादी 'ज्युइश रिलिजस युनियन' उभी केली. पुढे त्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या, 1966 मध्ये पद्मश्री मिळाली. एक बाई धर्मसंस्था उभी करते, हे त्या काळात लहान नव्हतं.

2016 मध्ये महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. आपल्याला केंद्राचा दर्जा 2014 मध्ये मिळाला. आपण 2011 च्या गणनेत देशात साडेचव्वेचाळीस लाख, महाराष्ट्रात चौदा लाख. ज्यूंपुढे आपण फार मोठे, तरी काळजी तीच. मुलं पुण्यात, बंगळुरूत, अमेरिकेत. कुणाच्या सुनेचं माहेर दुसऱ्या जातीचं असलं की हळदीकुंकवात कुजबुज सुरू. पाणी गाळणारी, सूर्यास्ताआधी जेवणारी सून 'आपली' की नाही, हे ठरवायला आपण तिच्या आजीचा कागद मागणार का?

माझं उत्तर मी ठरवलं आहे. जी घरात नियम मनापासून पाळते, ती आपली. पाणी गाळायचं फडकं तिच्या हाती द्यावं आणि 'असं का?' म्हणून विचारलं, तर कारणही सांगावं. शनिवार तेल्यांच्या घरी हेच झालं असणार. त्याशिवाय इतक्या पिढ्या शनिवारी घाणा बंद राहिला नसता.