बाहेरून बसवलेला कार अलार्म उगाच वाजतो? डबा बदलण्याआधी वायरिंग तपासा

जोराचा पाऊस येतो आणि मध्यरात्री गल्लीत उभी असलेली एखादी कार कोकलायला लागते. मालक खिडकीतून रिमोट दाबतो, गाडी गप्प होते आणि दहा मिनिटांनी पुन्हा सुरू. सकाळी वायरमनकडे नेली की बऱ्याचदा एकच उत्तर मिळते, ‘डबा गेलाय, नवीन बसवू.’ खरे तर अलार्मचा मुख्य डबा सहसा जात नाही. बिघडतात ते त्याच्याकडे जाणारे जॉइंट, अर्थ आणि दार-बोनेटचे स्विच. ते तसेच ठेवून नवीन डबा लावला, तर पुढच्या पावसात तोही वाजणारच.

शोरूमऐवजी बाहेरच्या दुकानात बसवलेल्या अलार्ममध्ये डॅशबोर्डखाली एक डबा असतो. त्याला कायम चालू असणारा १२ व्होल्टचा करंट, किल्ली फिरवल्यावर येणारा करंट आणि अर्थ अशा तीन मुख्य वायर लागतात. बाकीच्या वायर दारे, बोनेट, डिकी, इंडिकेटर, सेंट्रल लॉक, सायरन, धक्का ओळखणारा शॉक सेन्सर आणि इंजिन बंद ठेवणारा रिले यांच्याकडे जातात. म्हणजे कंपनीच्या वायरिंगला दहा-पंधरा ठिकाणी हात लागलेला असतो. दोष शोधायचा तो याच जागी.

हात घालण्यापूर्वी

तपासणीसाठी साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. बल्बचा टेस्ट लॅम्प नव्या गाड्यांत वापरू नये, कारण त्यातून जाणारा करंट कंट्रोल युनिटला झेपेलच असे नाही. पिवळ्या कपलरच्या किंवा पिवळ्या आवरणाच्या वायर एअरबॅगच्या असतात, त्यांना मीटरसुद्धा लावायचा नाही. वायर कापायची किंवा जोडायची असेल तर आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढावा. काही सायरनमध्ये स्वतःची छोटी बॅटरी असते आणि मुख्य करंट तुटताच ते बोंबलू लागतात. अशा सायरनला किल्लीचे भोक असते. ती किल्ली आधी बंद करून घ्यावी, नाहीतर बोनेटमध्ये वाकलेल्या माणसाच्या कानाचे काही खरे नाही.

पहिले माप बॅटरीचे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास दिसले तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ म्हणजे साधारण निम्मी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ यायला हवेत. बॅटरी उतरलेली असली की अलार्म वेड्यासारखा वागतो. मध्येच लॉक उघडतो, रिमोट ऐकत नाही, सायरन चिरक्या आवाजात वाजतो. अशा वेळी वायरिंग खोदत बसण्यात अर्थ नाही, आधी बॅटरी चार्ज करून पाहावी. रिमोट जवळ गेल्यावरच चालत असेल तर त्याचा सेल बदलावा, तो सर्वांत स्वस्त उपाय.

उगाच वाजणारा अलार्म

संशयितांना एकेक करून वगळायचे. सुरुवात शॉक सेन्सरपासून. त्याचा छोटा कपलर काढून गाडी एक रात्र लॉक करून ठेवावी. अलार्म वाजला नाही तर सेन्सर जास्त संवेदनशील ठेवलेला आहे किंवा तो सैल लोंबकळतो आहे. त्यावरचा स्क्रू थोडा कमी करून सेन्सर डॅशबोर्डखाली घट्ट बांधला की काम होते. एसटी किंवा वाळूचा ट्रक शेजारून गेल्यावर गाडी वाजत असेल तर दोष बहुतेक इथेच.

सेन्सर काढूनही वाजला तर पुढचा संशयित बोनेटचा पिन स्विच. आपल्याकडच्या पावसात सर्वांत जास्त त्रास हाच देतो. बोनेट उघडले की पिन वर येते आणि वायर बॉडीच्या अर्थला टेकते, एवढीच त्याची रचना. तो बसवलेला असतो पाणी वाहते तिथे. गंज चढतो, पाणी साचते, पिन अर्धवट अडकते आणि बोनेट बंद असूनही डब्याला ते उघडे वाटते. गोव्याच्या किनारी भागात खाऱ्या हवेने हेच काम अधिक लवकर होते. या स्विचची वायर सुटी करून तिचे टोक टेपने झाकावे. रात्र शांत गेली की चोर सापडला. स्विचची किंमत किरकोळ असते, त्यामुळे घासून-पुसून पुन्हा लावण्यापेक्षा बदललेला बरा. नवा बसवताना जागाही बदलावी. पाण्याच्या वाटेवर नसलेली आणि बोनेट बंद केल्यावर पिन पूर्ण दाबली जाईल अशी जागा निवडावी.

दारांचे प्रकरण थोडे वेगळे आहे. बहुतेक भारतीय, जपानी आणि कोरियन गाड्यांत दार उघडल्यावर स्विच अर्थ देतो, काही गाड्यांत मात्र १२ व्होल्ट देतो. म्हणून अलार्ममध्ये दोन्हीसाठी वेगळ्या वायर असतात आणि त्यातली एकच वापरायची असते. न वापरलेली वायर उघड्या तांब्यासकट तशीच सोडली की खड्ड्यात गाडी आदळल्यावर ती लोखंडाला टेकते. डब्याला वाटते दार उघडले. लॉक केल्यावर लगेच तक्रारीचा आवाज येत असेल तर छतावरचा दिवा पाहावा. बऱ्याच गाड्यांत दार लावल्यावर तो काही सेकंद चालू राहतो आणि दाराची वायर त्याच दिव्यावरून घेतली असेल तर त्या काळात डब्याला दार उघडेच दिसते. हा बिघाड नव्हे. अलार्मच्या पुस्तिकेत उशिराची सेटिंग असेल तर ती चालू करावी.

सेंट्रल लॉक कधी चालते, कधी नाही, किंवा दार अर्धे उघडे ठेवल्यावरच चालते, अशी तक्रार असेल तर ड्रायव्हरच्या दाराजवळचे रबरी बूट ओढून पाहावे. दार रोज उघडून-मिटून आतली वायर तिथेच तुटते. वरचे प्लॅस्टिक शाबूत दिसते, आतले तांबे तुटलेले असते.

अर्थ आणि फ्यूज

डब्याची काळी वायर पुष्कळदा डॅशबोर्डखालच्या दिसेल त्या स्क्रूला लावलेली असते. स्क्रूखाली रंग असेल तर अर्थ अर्धाच मिळतो. मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरे डब्याच्या काळ्या वायरला लावून अलार्मचे इंडिकेटर लुकलुकू द्यावेत. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थ कच्चा आहे. रंग खरवडून, रिंग टर्मिनल लावून, स्वतंत्र बोल्टने ती वायर बॉडीला आवळावी.

फ्यूज वारंवार जात असेल तर मोठा फ्यूज घालणे हा उपाय नाही. फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो. १० अँपिअरच्या जागी ३० टाकला की फ्यूज शाबूत राहतो आणि डॅशबोर्डखालची वायर वितळते. कित्येक दिवस उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदरांनी कुरतडलेली वायरही पाहावी.

गाडी सुरूच होत नाही

अलार्मचा इंजिन-कट रिले कंपनीची एक वायर कापून मध्ये बसवलेला असतो. रिलेवर ३०, ८७ए, ८५ आणि ८६ असे आकडे छापलेले असतात. रिले निवांत असताना ३० आणि ८७ए एकमेकांना जोडलेले असतात, कापलेल्या वायरची दोन टोके तिथे येतात. अलार्म बंद असूनही सेल्फ फिरत नसेल तर याच दोन टोकांचे जॉइंट सैल झालेत का, तापून काळे पडलेत का, हे बघावे.

कोणती वायर कापली आहे हे प्रत्येक मालकाला माहीत असायला हवे. सेल्फची वायर कापली असेल तर जॉइंट सुटल्यावर गाडी फक्त सुरू होणार नाही. पेट्रोल पंपाची किंवा इग्निशनची कापली असेल तर गाडी चालता चालता बंद पडू शकते. चोर्ला घाटात उतारावर इंजिन गेले की स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकची मदत एक-दोन दाबांत संपते. चोरीपासून थोडे कमी संरक्षण मिळाले तरी सेल्फचीच वायर कापलेली चांगली.

बॅटरी उतरते

मीटर १० अँपिअरच्या खोबणीत लावून बॅटरीचा निगेटिव्ह आणि त्याची केबल यांच्यामध्ये जोडावा. किल्ली बाहेर, दारे बंद, बोनेटची पिन दाबलेली. गाडीतली युनिट झोपायला अर्धा तास द्यावा. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नये, मीटर जळेल. ५० मिलिअँपिअरच्या आत आकडा ठीक. २०० दिसले तर ३५ अँपिअर-तासांची बॅटरी साडेतीन दिवसांत निम्म्यावर येते. मग अलार्मचा फ्यूज काढावा. आकडा लगेच खाली आला तर दोष अलार्मच्या बाजूचा, नाही आला तर गाडीच्या बाजूचा.

जॉइंट कसा हवा

वायर न कापता दाबून बसवायच्या प्लॅस्टिक क्लिपा कामाला झटपट, पण त्यांचे पाते तांब्याच्या तारा कापते आणि फटीतून पाणी शिरते. पिळून टेप गुंडाळलेला जॉइंट उन्हाळ्यात उघडा पडतो, कारण टेपचा डिंक सुटतो. सोल्डर करून वर हीट श्रिंक चढवावी किंवा नीट दाबलेले क्रिम्प वापरावे, आणि वायरचा जुडगा हलणार नाही असा बांधावा. वायरच्या रंगावर भरवसा ठेवू नये, प्रत्येक कंपनीचे रंग निराळे. वॉरंटीतल्या गाडीत तर कंपनीची वायर न कापता कपलरवर बसणारा संचच मागावा. कापलेल्या वायरमुळे इलेक्ट्रिकल भागांची वॉरंटी नाकारली जाऊ शकते.

काम झाल्यावर बॅटरी जोडून सायरनची किल्ली चालू करावी. मग काच खाली ठेवून गाडी लॉक करावी, मिनिटभर थांबावे, आणि आत हात घालून प्रत्येक दार, शेवटी डिकी आणि बोनेट वेगवेगळे उघडून पाहावे. दर वेळी सायरन वाजलाच पाहिजे.