झांशीच्या राणीची पलटण आणि कानपूरचा दवाखाना

ह्या लेखाची चरित्रनायिका आमच्या ज्ञातीची नव्हे, हे आम्ही आरंभीच सांगून टाकतो. ज्ञातीतील एखाद्या वयोवृद्ध भगिनीच्या सेवेचा वृत्तांत स्मरणिकेत द्यावयाचा, असा आपला प्रघात आहे, आणि तो मोडावा असे आमच्या मनात नाही. परंतु वर्षभरात सभासंमेलनांतून 'समाजसेवा' हा शब्द आपण इतक्या वेळा उच्चारतो, की त्यातील 'समाज' म्हणजे नेमका कोण, हे एकदा थांबून पाहावे असे आम्हांस वाटले. तसे पाहताना कॅप्टन लक्ष्मी सहगल ह्यांचे चरित्र आमच्यापुढे उभे राहिले.

महाराष्ट्रीय वाचकांस हे चरित्र अगदीच परके वाटू नये असा एक धागाही त्यात आहे. मोरोपंत तांबे ह्यांची कन्या मनू, जी पुढे झांशीची राणी लक्ष्मीबाई झाली, ती वाढली गंगातीरी ब्रह्मावर्तास, म्हणजेच बिठूरास, दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या आश्रयाखाली. राणीने १८५८ साली ग्वाल्हेरीस देह ठेवला. त्यानंतर पंचाऐंशी वर्षांनी, समुद्रापलीकडे सिंगापुरास, तिच्या नावाने स्त्रियांची पलटण उभी राहिली. आणि त्या पलटणीची नायिका नंतर पासष्ट वर्षे नांदली ती कानपुरास, बिठुरापासून थोड्याच कोसांवर! असो.

लक्ष्मी स्वामिनाथन् ह्यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९१४ रोजी मद्रासेस झाला. वडील एस्. स्वामिनाथन् हे तेथील नामांकित वकील, जातीने तामिळ ब्राह्मण. आई अम्मू ही पालघाटकडील अनक्करा येथील नायर घराण्यातील. त्या काळी केरळात ब्राह्मण पुरुष आणि नायर स्त्री ह्यांचा संबंध रूढ होता खरा, परंतु अशा संततीस पित्याच्या घरी समान मान नसे. स्वामिनाथन् ह्यांनी मात्र अम्मूशी रीतसर विवाह केला व तिला घरीच शिक्षणाची जोड करून दिली. हीच अम्मू पुढे घटना समितीची सभासद झाली. धाकटी कन्या मृणालिनी हिला नर्तकी म्हणून कोण ओळखीत नाही?

अनक्कराच्या आजोळची एक गोष्ट सांगितली जाते. आसपासच्या रानातील आदिवासींची सावलीही विटाळ करते, असे आजी समजत असे. छोट्या लक्ष्मीने एके दिवशी त्यांतील एका मुलीचा हात धरला आणि तिला खेळावयास नेले. आजी संतापली, नातही संतापली, आणि अखेर नातीचीच सरशी झाली. ह्या गोष्टीवर भाष्य करण्याचे आम्ही टाळतो. आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी अशी एक आजी होऊन गेलेली आहे.

१९३८ साली मद्रास मेडिकल कॉलेजातून त्या एम्. बी. बी. एस्. झाल्या व पुढे स्त्रीरोग आणि प्रसूती ह्या विषयांची पदविका त्यांनी मिळविली. पहिला विवाह यशस्वी झाला नाही. १९४० साली त्या सिंगापुरास गेल्या आणि तेथे त्यांनी हिंदी मजुरांच्या बायामुलांसाठी दवाखाना उघडला. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर जपान्यांच्या हाती पडले, तेव्हा जखमी युद्धकैद्यांची शुश्रूषा त्यांनी केली.

२ जुलै १९४३ रोजी नेताजी सुभाषचंद्र सिंगापुरास आले. स्त्रियांची स्वतंत्र पलटण उभारण्याचा मनोदय त्यांनी प्रकट केला, तेव्हा कित्येकांस ती नुसती वक्तृत्वाची लहर वाटली असावी. डॉ. लक्ष्मी घरोघर हिंडल्या आणि वीस जणी गोळा करून, हाती रायफली घेऊन, त्यांनी नेताजींना मानवंदना दिली. त्यानंतर त्यांनी दवाखाना सोडला तो सोडलाच. ऑक्टोबरात आझाद हिंद सरकार स्थापन झाले, त्यात स्त्रियांचे खाते त्यांच्याकडे आले, आणि त्याच सुमारास पलटणीची छावणीही सुरू झाली.

ह्या छावणीत आल्या कोण? सुखवस्तू घरच्या मुली होत्याच. परंतु पुष्कळशा मलायातील रबराच्या मळ्यांवर राबणाऱ्या तामिळ मजुरांच्या लेकी होत्या. त्यांतील अनेकींनी हिंदुस्थान कधी डोळ्यांनी पाहिलाही नव्हता. ज्या भूमीचे दर्शन नाही, तिच्यासाठी केस कापून आणि अंगावर खाकी चढवून कवायतीस उभे राहणे, ही गोष्ट आम्हांस अद्भुत वाटते. आझाद हिंद फौजेत सर्व जातिधर्मांच्या लोकांची पंगत एक असे. त्या काळी आपल्याकडे ज्ञातिभोजनात कोणी कोठे बसावे ह्यावरून होणारे तंटे ज्या वृद्धांस आठवत असतील, त्यांस ह्या पंगतीचे मोल निराळे सांगावयास नको.

खरे ते लिहावयाचे तर, ह्या पलटणीस आघाडीवर लढण्याची संधी लाभली नाही. तिच्या तुकड्या ब्रह्मदेशापर्यंत गेल्या, तेथे रुग्णसेवा घडली, आणि इंफाळच्या अपयशानंतर माघार आली. १९४५ साली कॅप्टन लक्ष्मी ब्रह्मदेशात इंग्रजांच्या हाती लागल्या व मार्च १९४६ मध्ये त्यांस हिंदुस्थानात आणण्यात आले.

मार्च १९४७ मध्ये लाहोरास त्यांचा विवाह कर्नल प्रेमकुमार सहगल ह्यांच्याशी झाला. लाल किल्ल्यातील गाजलेल्या खटल्यात शाहनवाझ खान आणि गुरबक्षसिंग धिल्लाँ ह्यांच्यासह आरोपी असलेले ते हेच सहगल. स्वतंत्र भारताच्या सैन्यात आझाद हिंद फौजेच्या लोकांस परत घेतले गेले नाही. म्हणून ह्या दांपत्याने कानपुरास गिरणीतील नोकरी आणि दवाखाना, असा संसार थाटला. दोन मुली झाल्या. फाळणीने उद्ध्वस्त होऊन येणाऱ्या निर्वासितांची रीघ दवाखान्याच्या दारी लागली, आणि त्यांत हिंदू किती व मुसलमान किती हा हिशेब डॉक्टरीणबाईंनी ठेवला नाही. घरातील कामाची आणि बाहेरच्या कामाची अशी दोन खाती त्यांनी पाडलीच नाहीत. कन्या सुभाषिनी पुढे १९८९ साली कानपुरातूनच लोकसभेवर निवडून आली.

बांगलादेशाच्या युद्धाच्या वर्षी, १९७१ मध्ये, सत्तावन्नाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, त्या सीमेवरील बनगाव येथे जाऊन निर्वासितांच्या छावण्यांतून आठवडेच्या आठवडे औषधपाणी करीत होत्या. त्याच सुमारास त्या मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षात गेल्या. त्यांची राजकीय मते आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस रुचणार नाहीत. लेखन करणाऱ्या आम्हां मंडळीतही त्याविषयी एकमत नाही. पण १९८४ चे वर्ष पाहा. इंदिराजींच्या हत्येनंतर कानपुरात शिखांवर जमाव धावून गेले. तेव्हा सत्तर वर्षांची ही वृद्धा रस्त्यावर उतरली, जमावास सामोरी गेली, आणि आपल्या दवाखान्याच्या परिसरातील एकाही शिखाच्या घरास वा दुकानास तिने धक्का लागू दिला नाही. त्यानंतर महिन्याभरातच भोपाळची विषारी वायूची दुर्घटना घडली, तर वैद्यकीय पथक घेऊन त्या तिकडे गेल्या. तेथे पक्ष कोणाचा आणि ज्ञाती कोणती?

१९९८ साली त्यांस पद्मविभूषण मिळाले. २००२ साली राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत डॉ. अब्दुल कलाम ह्यांच्याविरुद्ध त्या एकट्याच उभ्या होत्या. निकाल काय लागणार हे सर्वांस आधीच ठाऊक होते, त्यांनाही. निवडणूक आटोपली आणि त्या परत कानपुरास रोगी तपासावयास बसल्या.

वयाच्या नव्वदीनंतरही सकाळी दवाखाना उघडत असे, आणि बाळंतपणासाठी येणाऱ्या गरीब स्त्रिया दारी येऊन बसत. त्यांतील कित्येकींचा स्वतःचा जन्मही ह्याच डॉक्टरीणबाईंच्या हातून झालेला असणे अशक्य नाही. १९ जुलै २०१२ रोजी त्यांस हृदयविकाराचा झटका आला व २३ जुलै रोजी सत्त्याण्णवाव्या वर्षी त्यांचे देहावसान झाले. चिता रचली गेली नाही. त्यांच्या इच्छेनुसार देह कानपुरातील वैद्यकीय महाविद्यालयाच्या स्वाधीन करण्यात आला, विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी.