अपियाचे बंदर

बंदर म्हणजे आश्रय, असे आपण सहज म्हणून जातो. शब्दकोशास तेवढा अर्थ पुरेसा असेल. दर्यावर्दी माणसास तो पुरत नाही. कोणत्या वाऱ्यापासून आश्रय आणि कोणत्या ऋतूत आश्रय, हे दोन प्रश्न सुटल्यावाचून शहाणा नाखवा नांगर टाकीत नाही. या प्रश्नांचे मोल किती, हे दक्षिण पॅसिफिकमधील सामोआ द्वीपसमूहातील एका लहानशा बंदराने सात वर्षांच्या अंतराने दोनदा दाखवून दिले.

उपोलू बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर अपिया वसले आहे. वर्षाचे बरेच महिने तेथे आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात. बेटाचे डोंगर ते अडवितात, म्हणून उत्तरेकडील पाणी शांत राहते. दोन्ही अंगांस प्रवाळाचे कठडे, मध्ये जाण्या-येण्याची वाट, आत नांगराची जागा. गलबताला आणखी काय हवे? परंतु बंदराचे तोंड उत्तरेकडे उघडे आहे. नोव्हेंबर ते एप्रिल या वादळी काळात वारा फिरून उत्तरेकडून आला, की ज्या कठड्यांनी रक्षण केले त्यांच्यावरच जहाजे आपटतात. आश्रयाचा सापळा होतो.

१८८९ च्या मार्च महिन्यात या अरुंद बंदरात सात युद्धनौका उभ्या होत्या : जर्मनीच्या आडलर, एबर व ओल्गा, अमेरिकेच्या ट्रेंटन, व्हँडेलिया व निप्सिक आणि ब्रिटनची कॅलिओपी. सामोआच्या गादीच्या तंट्यात जर्मनी व अमेरिका परस्परांसमोर ठाकल्या होत्या. वायुभारमापकातील उतार सर्वांना दिसत होता. अशा वेळी जहाजाने खुला समुद्र गाठावा, हा नौकानयनाचा पाठ कप्तानांना ठाऊक नव्हता असे नाही. पण आपण आधी निघालो तर प्रतिस्पर्ध्याला रान मोकळे मिळेल, ही भावना त्या पाठाहून प्रबळ ठरली. १५ व १६ मार्चच्या वादळात सहा नौका प्रवाळावर आपटल्या किंवा किनाऱ्यास लागल्या. सुमारे दीडशे खलाशी प्राणास मुकले.

कॅलिओपीचा कप्तान हेन्री केन याने १६ तारखेस साखळ्या सोडून, यंत्राचे सर्व बळ लावून बाहेरची वाट धरली. तिची गती अत्यंत मंद होती. तरी ती निसटली. स्वतः संकटात असलेल्या ट्रेंटनवरील खलाशांनी तिचा जयजयकार केला. इकडे किनाऱ्यावर सामोआचे लोक लाटांत शिरून बुडणाऱ्यांस ओढून काढीत होते. काही महिन्यांपूर्वीच ज्यांच्याशी त्यांची लढाई झाली होती, ते जर्मन खलाशीही त्यांनी वाचविले. राष्ट्राभिमानाची भाषा बोलणाऱ्यांना हा धडा त्या बेटवासीयांकडून मिळाला.

१८९६ च्या जुलैमध्ये त्याच बंदरात जोशुआ स्लोकम या एकाकी नाविकाचे ‘स्प्रे’ हे सुमारे ३७ फुटी शिडाचे गलबत आले. ना यंत्र, ना सोबतीला खलाशी. तो महिनाभर सुखरूप राहिला व ऑगस्टमध्ये निघाला. दिवंगत साहित्यिक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांच्या पत्नीने पतीच्या संग्रहातील सागरमार्गदर्शनाचे ग्रंथ त्यास भेट दिले. पुढचे वादळी महिने त्याने ऑस्ट्रेलिया व टास्मानियाच्या किनाऱ्यांवर काढले. उत्तरेकडील प्रवाळसमुद्राची वाट त्याने १८९७ च्या मे महिन्यात धरली. १८९८ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणारा तो पहिला एकटा नाविक ठरला.

बंदर तेच, कठडेही तेच. फरक होता तो ऋतूचा आणि अहंकाराचा. आपल्या कोकणच्या कोळ्यास यात नवल वाटणार नाही. पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढून ठेवायची आणि नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ अर्पण करून मग ती पुन्हा पाण्यात लोटायची, या रीतीत भक्ती आहे, तसा पिढ्यांचा हिशेबही आहे.

वर्गात आम्ही मुलांना लढाया आणि तह शिकवितो. अपियाची कथा सांगताना मात्र एक प्रश्न अवश्य विचारावा : त्या सहा नौकांना कोणी बुडविले? वादळाने, असे उत्तर मुले प्रथम देतील. त्यांना थोडा वेळ द्यावा. नकाशातील बंदराचे उघडे तोंड आणि दिनदर्शिकेतील मार्च महिना शेजारी ठेवून पाहिले, म्हणजे दुसरे उत्तर त्यांचे त्यांनाच सापडेल.