मळ्यावरचा ‘सरदार’

एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश भांडवलाने माणसे दूरदेशी नेली. कॉर्नवॉलचे खाणकामगार कोलारच्या सोन्याच्या खाणींत आले. कोकणातले शेतकरी मुंबई बंदरातून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर गेले. त्या मराठी मजुरांचे वंशज आज पूर्वजाचा शोध घेतात, तेव्हा त्यांना मोका येथील महात्मा गांधी संस्थेतील नोंदवह्या गाठाव्या लागतात.

शोध आडनावापासून सुरू करू नये. तेथील अनेक कुटुंबांचे आजचे आडनाव म्हणजे मूळ मजुराचे पाळण्यातले नाव. त्या नावाचे घराणे रत्नागिरीत शोधणे व्यर्थ. खरा धागा आहे तो क्रमांकाचा. 1834 पासून आलेल्या मजुरांना असे क्रमांक मिळत गेले. त्याच्यापुढे जहाज, वडिलांचे नाव, वय, उंची, जात, गाव, अंगावरची खूण. 1860 च्या दशकापासून छायाचित्रही. ही माया नव्हे, पाळत होती: मळा सोडून भटकणारा ओळखता यावा! त्याच पाळतीमुळे आज खापरपणतूला खापरपणजोबांचा चेहरा दिसतो.

पण पूर्वज नेमका कोण होता? पुणेकराच्या कानाला ‘सरदार’ म्हणजे पेशवाईतला मानकरी. मॉरिशसच्या मळ्यावर ‘सरदार’ म्हणजे मुकादम, मजुरांमधूनच निवडलेला. काही सरदार मायदेशी परतून मळेवाल्यांसाठी नवे मजूर गोळा करीत. म्हणून कागदात ‘सरदार’ दिसला की आनंदाने मिशीला पीळ देण्याआधी विचारावे: आपल्या गावचे किती जण त्याच्या शब्दावर जहाजात चढले?